देवीला दाखवायचा मासा

तोकुझो मुकाईने साराचा तिसरा वाडगा संपवला, ओठांवरून हात फिरवला आणि आत हाक दिली, "सावाए, आज मिसोच्या साराला काय चव आलीय! लग्न झाल्यापासून असं सार खाल्लं नव्हतं."

सावाए हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. नवऱ्याने जेवणाची स्तुती करायची म्हणजे तिच्या घरी सणच.

"खरंच आवडलं? अहो, खिडकीतल्या टोपलीत कसला तरी जुनाट सुका मासा पडला होता. म्हटलं, वाया कशाला घालवा. वास जरा उग्र होता, पण उकळल्यावर बसला."

तोकुझोच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली पडल्या.

"कोणत्या टोपलीत?"

"सुकटीच्या. खिडकीतल्या. दुसरी आहेच कुठे?"

"तो... तो ओकोझे होता!"

सावाएने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग रिकाम्या वाडग्याकडे आणि शेवटी भिंतीवरच्या देवाच्या फळीकडे. फळीवर नेहमी असायचे ते कलिंगडाएवढे कागदी गाठोडे नव्हते.

डोंगराची देवी दिसायला बेताचीच आहे, हे ओकुतानी गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. बिचारीला स्वतःलाही ते ठाऊक आहे आणि ते तिच्या मनाला लागून राहिलेले आहे. म्हणून शिकारीला निघण्यापूर्वी तिला ओकोझे दाखवायचा. हा समुद्रातला मासा म्हणजे सगळे तोंडच. त्यावर फोड, खाचखळगे, काटे आणि अंगठ्याने दाबून बसवल्यासारखे दोन डोळे. आपल्याहून कुरूप कोणीतरी आहे हे पाहिले की देवी खूश होते आणि कळपातले एखादे हरीण शिकाऱ्याच्या वाटेला लावून देते.

पण मुकाईंच्या आजोबांनी यातही एक शक्कल काढली होती. त्यांनी ओकोझे कागदात गुंडाळला आणि देवीला नुसते शेपटीचे टोक दाखवून म्हटले, "हरीण द्या, मग अख्खा दाखवतो." हरीण मिळाल्यावर त्यांनी वरून आणखी एक कागद गुंडाळला आणि म्हटले, "पुढच्या वेळी नक्की." बापाने तेच केले आणि तोकुझोनेही. तीन पिढ्यांच्या शिकारी त्या गाठोड्यावर कागदाचे पदर होऊन बसल्या होत्या. गाठोडे ज्याच्या घरी, तो शिकारी मंडळाचा म्होरक्या. मोक्याची जागा त्याची आणि देवीशी बोलायचा मानही त्याचाच.

मुकाई घराण्याला दुसरा अभिमान होता तोंडावळ्याचा. सरळ नाक, दाट भुवया, चौकोनी हनुवटी. तोकुझोने सत्तरी ओलांडली तरी उन्हाळ्यातल्या नाचाला तो उतरला की म्हाताऱ्या बायका बाहीआड हसतात, असे त्याचे स्वतःचे म्हणणे होते. म्हणूनच बंदुकीच्या परवान्यासाठी या उन्हाळ्यात काढलेला फोटो त्याच्या जिव्हारी लागला होता. तालुक्याच्या गावी दुकानाच्या दारात फोटोची पेटी होती. आत बसून पडदा ओढला आणि नेमकी शिंक आली. शिंकेच्या ऐन मध्यावर दिवा चमकला. परवाना देणाऱ्या पोलिसाने फोटो उलटसुलट करून विचारले होते, "आजोबा, हे तुम्हीच ना?" उरलेल्या प्रती तोकुझोने चुलीत टाकायला दिल्या होत्या. सावाएने त्या टाकल्या की नाही, हे त्याने पुन्हा विचारले नव्हते.

मागचा हिवाळा मंडळाला कोरडा गेला. कुत्रे भुंकून दमले, माणसे चढून दमली, आणि हरणे पलीकडच्या खोऱ्यात जाऊन लोकांच्या शेतातला मुळा खात बसली. यंदाच्या हंगामाच्या बैठकीत इवाओ निशिवाकीने तोंड उघडले. इवाओ हा तोकुझोचा शाळेपासूनचा सोबती. त्यामुळेच त्याला तोकुझोचे काहीच सहन होत नसे.

"तीन पिढ्या तिला नुसतं टोक दाखवताय तुम्ही," इवाओ म्हणाला. "देवी झाली म्हणून काय, बाईमाणूस आहे ती. किती दिवस वाट बघेल?"

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"यंदा अख्खा दाखव. नाहीतर गाठोडं माझ्या घरी दे, मी दाखवतो."

बाकीचे तिघे साकेच्या पेल्यात बघत राहिले. बघत राहिले म्हणजे त्यांनाही ते पटले होते. तोकुझोचे मुकाई नाक फुगले.

"दाखवतो! अख्खा दाखवतो! आणि पहिल्याच दिवशी हरीण पडलं नाही, तर स्वतःच्या हातानं गाठोडं तुझ्या देवाच्या फळीवर आणून ठेवतो!"

बोलून तो बसला. आता बोललेले निभावायचे होते. म्हणून हंगामाच्या आदल्या सकाळी त्याने न्हाऊन, हात जोडून एकेक पदर उलगडला. आत मासा होता, खडखडीत वाळलेला आणि मस्त कुरूप. तोकुझोला भरून आले. फक्त कागदाचा कुबट वास लागला होता, तो जावा म्हणून त्याने मासा खिडकीतल्या टोपलीत ठेवला आणि तो हरणांचा माग काढायला डोंगरावर गेला. माग उत्तम होता. ओढ्याकाठच्या चिखलात मोठ्या खुरांचे ठसे, कोवळ्या देवदारांची शिंगांनी खरवडलेली साल, आणि हरीण लोळल्याचे एक मोठे डबके, त्यातले पाणी अजून गढूळ. मोठा नर होता आणि जवळपासच होता. त्याच खुशीत तो घरी आला होता आणि तीन वाडगे सार प्यायला होता.

"काटे तरी असतील ना?" त्याने आता विचारले. "डोकं? निदान डोकं?"

"कुरोला घातलं," सावाए पुटपुटली.

अंगणात कुरो कुत्रा जिभल्या चाटत उन्हात पडला होता. मालकाला बघून त्याने शेपटी हलवली. एवढे चांगले जेवण त्यालाही लग्नाशिवाय... म्हणजे गावातल्या लग्नाशिवाय कधी मिळाले नव्हते.

"आजोबांनी जपला, बापानं जपला," तोकुझो डोक्याला हात लावून म्हणाला, "आणि मी? मी चव छान म्हणून सांगितलं!"

"तुम्ही सुकटीच्या टोपलीत ठेवलात! देव कोणी सुकटीच्या टोपलीत ठेवतं का? आता मासा तुमच्याच पोटात आहे. उद्या तुम्हीच जाऊन उभे राहा देवीपुढे!"

भांडायला वेळ नव्हता. दोघे छोट्या ट्रकमध्ये बसले आणि घाट उतरून बंदराला निघाले. समुद्र जवळ असल्याचा हा एकच फायदा होता, आणि तोकुझोला तो आयुष्यात पहिल्यांदाच सुचला होता.

बंदरावरच्या मासळीच्या दुकानात एक ठसठशीत कोळीण रबरी बूट घालून उभी होती.

"ओकोझे? सकाळीच गेले हो सगळे. हॉटेलवाले सोडतात कुठे? आणि उद्या बोटी जाणार नाहीत, वारा आहे. पण हा ताई मासा बघा, कसा गुलाबी आहे! मुलीचं लग्न असल्यासारखा दिसतोय."

"ताई नको," तोकुझो घाईने म्हणाला. ताईसारखा देखणा मासा देवीपुढे नेला असता, तर हरीण राहो, माणूस परत आला नसता. "तुमच्याकडे सगळ्यात कुरूप कोण आहे?"

कोळिणीने मागे वळून गल्ल्यावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. "माशांमध्ये विचारताय ना?"

तिने एकेक टोपली पुढे केली. फुगा मासा निघाला, पण सावाए म्हणाली, "अगंबाई, हा तर गोड आहे. नातवाच्या गालासारखे गाल." पंखवाला लाल मासा निघाला, तो तर रंगीत होता. मग एक चपटा, ज्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. त्याच्यावर तोकुझोने आशा धरली. पण सावाएने मान हलवली. "विचित्र आहे. कुरूप नाही. विचित्र आणि कुरूप यांत फरक असतो."

"तुला काय कळतं त्यातलं?" तोकुझो चिडला. चिडताना त्याचे नाक फुगले, भुवया वर गेल्या आणि माशांच्या वासाने त्याला शिंक येऊ लागली. येईना, जाईना. तोंड अर्धवट उघडे राहिले.

सावाए त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पर्सचे बक्कल लावले.

"चला घरी. सोय होईल."

"कसली सोय?"

"मी म्हणते ना, होईल. चला."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने त्याच्या हातात एक गाठोडे दिले. पांढरे कागद, वर आजोबांच्या वेळचे पिवळे पदर. आकार तोच, गाठही तशीच. तोकुझोने ते हलवून पाहिले. आत काहीच खुडबुडले नाही.

"आत काय आहे?"

"विचारू नका. विचारलंत तर नेणार नाही तुम्ही."

"ओकोझेहून कुरूप आहे?"

सावाएने क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर प्रामाणिकपणा होता. "माझ्या मते, हो," ती म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशी म्हाताऱ्या देवदाराखाली देवीचे दगडी देऊळ आहे, गुडघ्याएवढे. पाचही शिकारी नारिंगी जाकिटे घालून तिथे जमले. बंदुका झाडाला टेकवल्या. इवाओ सगळ्यांत पुढे येऊन बसला.

"अख्खा हं, तोकु."

"माहीत आहे."

"नुसतं टोक नको."

"माहीत आहे म्हटलं ना! डोकी खाली करा."

ओकोझे देवीने बघायचा आणि गाठोडेवाल्याने. इतरांनी कपाळ जमिनीला टेकायचे, ही रीत. चौघांनी कपाळे टेकली. तोकुझोने गाठ सोडली. एक पदर, मग दुसरा. आजोबांचे पिवळे कागद संपले, नवे पांढरे आले आणि शेवटचा कागद बाजूला झाला.

आतून त्याच्याकडे तोकुझो मुकाई बघत होता. नाक फुगलेले, भुवया केसांत घुसलेल्या, एक डोळा मिटलेला आणि दुसरा बाहेर पडू बघणारा, तोंड एका कोपऱ्यात गोळा झालेले. शिंकेच्या ऐन मध्यावरचा तोच फोटो. सावाएने तो चुलीत टाकला नव्हता.

तोकुझोचे कान तापले. गाठोडे तिथल्या तिथे मिटावे, असे त्याला वाटले. पण मिटले तर इवाओ होता. आणि रीत पुरी करणे भाग होते, कारण रीतीतला पुढचा भाग बोलायचा होता, आणि तो मोठ्याने बोलायचा असतो.

"बाईसाहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "बघा. नीट बघा. तुमच्याहून कुरूप या जगात कोणी आहे की नाही?"

"आहे! आहे!" चौघे जमिनीकडे तोंड करून ओरडले. "कसला कुरूप! कसला घाणेरडा! अरे बाप रे, काय ते तोंड!" आणि देवीला ऐकू जावे म्हणून पोट धरून हसू लागले. तेही रीतीतलेच होते. इवाओ सगळ्यांत जास्त हसला. त्याचे हसू मध्येच एकदा अडखळले आणि मग आणखी जोरात सुरू झाले, पण तोकुझोचे तिकडे लक्ष नव्हते. तो फोटो गुंडाळत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"म्होरक्याला भरून आलं," एकजण दबक्या आवाजात म्हणाला. "तीन पिढ्यांचं वचन पुरं केलं त्यानं."

हाकारे घालणारे कुत्र्यांना घेऊन वरच्या अंगाने गेले. तोकुझो आपल्या जागी, ओढ्याच्या वळणावरच्या ओकच्या बुंध्याशी जाऊन बसला. बंदूक मांडीवर घेतली. पण मन डोंगरावर नव्हते. 'माझ्या मते, हो' हे शब्द त्याच्या डोक्यात भुंग्यासारखे फिरत होते. एवढ्या वर्षांचा संसार, आणि ही बाई प्रामाणिकपणाने म्हणते, हो!

समोरच्या कड्यावर पाने सळसळली. तो सावध झाला. झुडपातून एक रानबोकड बाहेर आला. त्याला मारायला कायद्याने बंदी आहे आणि हे त्यालाही ठाऊक असते. तो आरामात उभा राहिला आणि तोकुझोकडे टक लावून बघू लागला. रानबोकडांना तशी सवयच असते, माणूस दिसला की बघत उभे राहायचे. पण हा बघतच राहिला. मान तिरकी करून बघितले, मग दुसऱ्या बाजूने तिरकी करून बघितले.

"काय बघतोस रे?" तोकुझो दबक्या आवाजात म्हणाला. "तू कोण लागून गेलास?"

रानबोकडाने आणखी थोडे बघून घेतले आणि तो समाधानाने रवंथ करत निघून गेला.

वरून कुरोचे भुंकणे आले. हातातल्या वायरलेसवर इवाओचा आवाज खरखरला, "खाली येतोय! मोठा आहे! तोकु, तुझ्याकडेच!" तोकुझोने बंदूक उचलली. सगळी दुःखे बाजूला झाली, कारण हात तरी मुकाईंचेच होते. बांबूच्या झाडीतून तो नर बाहेर पडला. छाती देवदाराच्या ओंडक्यासारखी, मानेवर हिवाळ्याचे काळे केस, शिंगांना चार फाटे. ओढ्याच्या मधोमध येऊन तो थांबला, जसे कोणी त्याला 'इथे थांब' म्हणून सांगितले असावे. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. इतक्या जवळून, इतका सुंदर नर तोकुझोने कधी पाहिला नव्हता. त्याने श्वास रोखून पुरेसे बघून घेतले. मग बार काढला. एकच.

ओढ्याकाठी सगळे धावत आले आणि नराभोवती उभे राहिले. तोकुझोने टोपी काढून डोंगराकडे वाकून नमस्कार केला. बाकीच्यांनीही केला. मग सगळे एकदम बोलू लागले. असला नर ओकुतानीत कोणी पाडल्याचे कोणाला आठवत नव्हते. मांसाचे सारखे वाटे झाले, कुत्र्यांचा वाटा झाला, शिंगे बार काढणाऱ्याला मिळाली. तोकुझोला खांद्यावर घेण्याचा विचार निघाला, पण खांदे सगळ्यांचेच दुखत होते.

संध्याकाळी तो शिंगे घेऊन घरात शिरला. छाती पुढे होती, तोंड मात्र फिरवलेले.

"पडलं?" सावाएने विचारले.

"पडलं."

"मोठं?"

"सगळ्यांत मोठं." शिंगे खाली ठेवून तो म्हणाला, "मी तुझ्याशी बोलत नाही."

"मग कोणाशी बोलताय? अहो, मासा तुमच्याच पोटात होता. म्हटलं, मासा न्यायचा म्हणजे तुम्हालाच न्यायला हवं."

तेवढ्यात दाराशी कोणी खाकरले. इवाओ उभा होता, काखेत साकेची बाटली घेऊन. तो आत आला, बसला आणि त्याने बाटली पुढे सरकवली.

"तोकु. मी बघितलं."

"काय बघितलंस?"

"सकाळी. एक डोळा किलकिला केला होता. राहवलं नाही रे."

सावाएने वळून पाहिले. कुरोने सुद्धा मान वर केली.

"कोणाला सांगितलंस?" तोकुझोने विचारले.

"वेडा आहेस का? सांगितलं तर उद्या जो तो आपला फोटो घेऊन येईल!" इवाओने जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि आपल्या परवान्याचा फोटो काढून चटईवर ठेवला. "एकदा हा बघ. खरं सांग. हा कान बघ. आणि हनुवटी? आहे का कुठे हनुवटी? तुझा तर शिंकेमुळे तसा आलाय. माझा मूळचाच आहे! न्यायानं गाठोडं माझ्याकडे यायला हवं."

तोकुझोने फोटो उचलला, दिव्याजवळ धरला आणि जोरात हसला. "हा? हा कुरूप? अरे, असे चेहरे तर बँकेत खिडकीवर बसतात! देवी याच्यावर ससासुद्धा देणार नाही."

"तू बाजूला हो. वहिनी, तुम्ही सांगा. पण खरं सांगा हं."

सावाएने चष्मा लावला. इवाओचा फोटो घेतला, इवाओकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. इवाओने तिच्यासाठी मान वाकडी करून कान पुढे केला.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही दिसायला बरे आहात."

"पुन्हा बघा ना, वहिनी."

"बघितलं. डोळे तर छानच आहेत."

इवाओचा चेहरा पडला. त्याने फोटो खिशात घातला, दोन पेले साके घेतली आणि तो उठला. दारात वळून तो म्हणाला, "माझी बायको तर लग्न झाल्यापासून दुसरंच सांगत आलीय. कोणावर विश्वास ठेवावा माणसानं?"

तो गेला. तोकुझो उठून आरशापुढे गेला. सरळ नाक, दाट भुवया, चौकोनी हनुवटी. त्याने नाक फुगवून पाहिले. भुवया वर नेल्या. एक डोळा मिटला. मग आरशातल्याला त्याने मान लववली. आजोबांनी मासा गुंडाळला, बापाने मासा गुंडाळला. मुकाईंच्या तीन पिढ्यांत स्वतःच्या तोंडावर हरीण आणणारा हा पहिलाच. देखणे काय, गावोगाव पडलेत.

फोन वाजला. बंदरावरची कोळीण होती, सावाएने निघताना तिला नंबर देऊन ठेवला होता. "आजोबा, सकाळीच वारा पडला, बोटी जाऊन आल्या! एक ओकोझे बाजूला काढून ठेवलाय. काय कुरूप आहे म्हणून सांगू, हात लावायला भीती वाटते. ठेवू ना?"

"हॉटेलवाल्यांना द्या," तोकुझो म्हणाला. "आमच्याकडे घरचं आहे."

फोन ठेवून त्याने गाठोडे समोर घेतले. रीतीप्रमाणे एक नवा कागद वरून गुंडाळला आणि डोंगराच्या दिशेने म्हणाला, "बाईसाहेब, पुढच्या वेळी याहून कुरूप दाखवतो. शब्द मुकाईंचा."

शब्द दिला म्हणजे पाळायला हवा. दोनच दिवसांनी नवराबायको तालुक्याच्या गावी दुकानाच्या दारातल्या फोटोच्या पेटीपाशी उभे होते. तोकुझोने मिरपुडीची डबी बरोबर घेतली होती. आत बसून त्याने छाती पुढे काढली, पडदा ओढला, नाकाशी चिमूट नेली. घराण्याचा मान आठवून त्याला आतून इतके बरे वाटत होते, की ओठ आपोआपच फाकू लागले.

पडद्याच्या फटीतून सावाएने डोके आत घातले.

"अहो, हसू नका हं," ती म्हणाली. "हसलात की चांगले दिसता."